मोठ्या माणसांचे ठोकळे

दिवाळींत अंगणांत किल्ला करावयास मुलें बसतात. बुरूज कोणत्या बाजूस असावा यावरून वाद निघतो, आणि थोड्याच वेळांत काका किंवा मामा बाह्या सरसावून चिखलांत उतरतात. मग मुलांकडे पाणी आणून देण्याचें काम तेवढें उरतें. ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याची आपली रीत आहे. मोठीं माणसें मुलांच्या खेळांत चोरपावलांनीं शिरतात, असेंच आपण समजतों. परंतु ठोकळे रचून इमारती उभारण्याच्या खेळाचा इतिहास पाहिला, म्हणजे ही समजूत फारशी खरी वाटत नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत प्रौढ मनुष्य या खेळाचा कर्ता झाला, ग्राहक झाला, आणि एका प्रसंगीं तर त्राताही झाला.

जर्मनीच्या मध्यभागीं थुरिंगिया नांवाचा डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आहे. त्यांत साले नदीच्या कांठीं रूडोलस्टाट हें लहानसें शहर असून तेथून जवळच ब्लांकेनबुर्ग हें गांव लागतें. या गांवांत १८३७ सालीं फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणशास्त्रज्ञानें आपली संस्था काढली, आणि तीन वर्षांनीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें पुढें जगप्रसिद्ध झालेलें नांव दिलें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या साधनांस फ्रोबेल ‘देणग्या’ म्हणे. तिसरी देणगी म्हणजे लांकडाचा एक घन, तिन्ही दिशांनीं मधोमध कापून त्याचे आठ लहान घन केलेले. पेटी टेबलावर पालथी घालावयाची, झांकण हळूच सरकवून काढावयाचें आणि पेटी वर उचलावयाची, कीं मुलासमोर अखंड घन उभा राही. पुढच्या देणग्यांत विटेच्या आकाराचे व तिरपे कापलेले तुकडे असत. खेळण्याचे नियम थोडे, पण कडक होते. रचनेंत एकही तुकडा उपयोगावांचून राहतां कामा नये. आणि नवी रचना जुनी पाडून करावयाची नाहीं, तर तुकडे हलवीत हलवीत जुनींतूनच ती काढावयाची.

या निरुपद्रवी खेळावरही एकदां राजकोप झाला. फ्रोबेलच्या एका पुतण्याचीं मतें काकाच्या माथीं मारलीं जाऊन, प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं नास्तिकपणा व समाजसत्तावाद यांच्या आरोपाखालीं बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्यें उठली. फ्रोबेल १८५२ मध्येंच वारला होता.

फ्रोबेलचे ठोकळे लांकडी होते, आणि लांकडी ठोकळ्याला कांहीं उपजत दोष असतात. तो हलका, म्हणून धक्का लागतांच घसरतो. त्याच्या कडा झिजतात. दमट हवेंत तो फुगतो, आणि मग एका मापाचे दोन ठोकळे एका मापाचे राहत नाहींत. बर्लिनमधील दोन भावांच्या हें लक्षांत आलें. थोरला ओटो लिलिएंटाल हा यंत्रशास्त्रज्ञ आणि धाकटा गुस्टाव्ह हा स्थापत्याचा व्यवसाय करणारा. माणसानें पक्ष्याप्रमाणें उडावें या ध्यासानें लहानपणापासून पंख बनविणारे हे भाऊ पुढें विमानविद्येच्या इतिहासांत अमर झाले. परंतु त्याआधीं, १८८० च्या सुमारास, ते खेळण्यांच्या उद्योगांत गुंतले होते. गुस्टाव्हला बालशिक्षणाची मनापासून आवड होती. दोघांनीं मिळून गारेची वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचें तेल यांचें मिश्रण केलें, तें सांच्यांत दाबलें आणि मंद आंचेवर भाजून कठीण केलें. त्यांतून दगड निघाला. दगडासारखा दिसणारा ठोकळा नव्हे, तर हाताला थंड लागणारा, वजनदार, धारदार कडांचा दगड. रंग तीनच ठेविले होते. भाजलेल्या विटेचा तांबडा, वालुकाश्माचा पिंवळसर आणि छपराच्या पाटीच्या दगडाचा निळसर. जर्मनीतील कोणत्याही जुन्या शहराकडे टेकडीवरून पाहिलें, तर हेच तीन रंग डोळ्यांत भरतात.

माल उत्तम होता, पण विकणारे कच्चे होते. भावांना त्यांत यश आलें नाहीं, पैसा मात्र खर्च झाला. १८८० मध्यें त्यांनीं आपली कृति रूडोलस्टाटच्या फ्रीड्रिख आडोल्फ रिख्टर या कारखानदारास विकून टाकली, आणि गुस्टाव्ह नशीब काढावयास ऑस्ट्रेलियास निघून गेला. अशा रीतीनें ठोकळा पुन्हा फ्रोबेलच्या गांवाशेजारीं येऊन पोहोंचला.

रिख्टर हा दुखण्यावर चोळावयाचें औषध विकून श्रीमंत झालेला मनुष्य. त्याच्या औषधांवर जहाजाच्या नांगराचें चिन्ह असे. तेंच चिन्ह त्यानें दगडांच्या पेट्यांवर छापलें, आणि ‘आंकर’, म्हणजे नांगर, या नांवानें ते दगड देशोदेशीं गेले. त्याला जाहिरातीची कला चांगली साधली होती. तथापि केवळ जाहिरातीनें एखादा छंद ऐशीं वर्षें टिकत नाहीं. रिख्टरच्या कारखान्यानें पेटींत जी व्यवस्था आणली, तिच्यांत खरें मर्म आहे.

प्रत्येक पेटीस क्रमांक होता. एका क्रमांकाची पेटी घेतली, म्हणजे तिला जोडावयाची पुरवणी मिळे. पेटी व पुरवणी मिळून पुढचा मोठा क्रमांक तयार होई, आणि त्यालाही पुन्हा पुरवणी असे. याप्रमाणें वर्षांमागून वर्षें नाताळांत एकेक पुरवणी घेत गेलें, तर ज्या मुलासाठीं पहिली पेटी आणली तो मिसरूड फुटलेला तरुण होई आणि पेट्यांची उतरंड भिंतीशीं उभी राही. सहाशेंहून अधिक प्रकारच्या पेट्या व हजाराच्या वर आकारांचे दगड या कारखान्यानें काढले. मापें मुख्यतः दोन: मोठ्या मापाचा मूळ घन पंचवीस मिलिमीटरांचा व लहान मापाचा वीस मिलिमीटरांचा. थोरल्या क्रमांकांचें वजन व किंमत पाहिली, म्हणजे तो व्यवहार मुलांपुरता नव्हता हें कोणीही ओळखील.

पेटीबरोबर इमारतींच्या चित्रांची वही येई, आणि तिच्यांत थराथरांचे नकाशे असत. पहिल्या थरांत कोणता दगड कोठें, दुसऱ्यांत कोठें, असें पायापासून कळसापर्यंत दाखविलेलें असे. खेळ संपल्यावर दगड पेटींत कसे भरावयाचे याचाही नकाशा होता. आणि तो पाळल्यावांचून गत्यंतर नसे. कारण एक दगड जरी वांकडा बसला, तरी सरकतें झांकण लागत नसे.

या नकाशांवर शिक्षणशास्त्राच्या बाजूनें घेण्याजोगा एक आक्षेप उघड आहे. फ्रोबेलच्या मुलाला एका आकारांतून दुसरा आकार स्वतः शोधावा लागे. येथें सर्व शोध दुसऱ्यानेंच लावून ठेविलेला. मग बांधणाऱ्याकडे राहिलें काय? नुसती नक्कल! मुलांच्या बाबतींत हा आक्षेप बराचसा खरा आहे. नकाशाबरहुकूम एक देऊळ बांधणाऱ्या मुलापेक्षां तीन ओबडधोबड झोंपड्या स्वतःच्या मनानें बांधणारें मूल अधिक शिकतें, यांत शंका नाहीं. पण जो दिवसभर कचेरींत, दुकानांत किंवा इस्पितळांत शेंकडों बाबतींत ‘हें करावें कीं तें’ हें ठरवून थकलेला आहे, त्याच्या दृष्टीनें हाच दोष गुण होतो. त्याला आणखी एक निर्णय नको असतो. त्याला हवें असतें असें काम, कीं ज्यांत हात पूर्ण गुंतावे आणि चिंतेला शिरावयास फट राहूं नये. ज्यांत चूक झाली तरी ती कोणाच्या पोटावर पाय आणीत नाहीं. आणि जें आज रात्रीं थांबविलें, तरी उद्यां सोडलें तेथूनच पुढें चालूं लागतें. कशिदा काढणाऱ्या, रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या किंवा सूत कांतणाऱ्या माणसांना ही विश्रांति पूर्वींपासून ठाऊक आहे. रिख्टरच्या नकाशानें ती बैठकीच्या टेबलावर आणून ठेविली.

आंकरच्या दगडांत मात्र ही विश्रांति फुकट मिळत नाहीं. या दगडांना खांचा नाहींत, खुंट्या नाहींत, चुना नाहीं. एक दगड दुसऱ्यावर केवळ आपल्या वजनानें आणि घर्षणानें बसतो. पायाच्या थरांत केसभर कसर राहिली, तर दहाव्या थरावर ती बोटभर होऊन समोर येते. म्हणून बांधणारा खालच्या थरावर जास्त वेळ घालवितो. तो टेबलाच्या पातळीपर्यंत डोळा नेऊन रांग पाहतो, पट्टीनें दगड हलकेच सारखे करतो, आणि मगच वरचा थर धरतो. मनोरा वर चढूं लागला, कीं हाताची बाही आवरून धरावी लागते. शेवटचा निमुळता दगड ठेवतांना माणूस नकळत श्वास रोखतो. अशा वेळीं कोणी दार आपटलें, तर चार संध्याकाळींचें काम एका क्षणांत टेबलावर पसरतें. परंतु हा खेळ खेळणारे याच गोष्टीसाठीं तो खेळत. पडण्याची भीति असल्यावांचून उभें राहण्याला कांहीं अर्थ येत नाहीं, हें त्यांना हातानें कळलेलें होतें. आल्बर्ट आइन्स्टाईन लहानपणीं या दगडांशीं खेळत असे. त्याच्या बहिणीनें सांगितलें आहे कीं, पत्त्यांचे बंगलेही तो चौदा मजल्यांपर्यंत चढवी.

ज्यांनीं हा दगड शोधिला त्यांचें पुढें काय झालें? गुस्टाव्ह १८८५ मध्यें परत आला, आणि भावांनीं कृति थोडी बदलून पुन्हा दगड विकण्याचा प्रयत्न केला. रिख्टरनें त्यांस न्यायालयांत खेंचलें. निकाल रिख्टरच्या बाजूनें लागला. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबरच असेल, कारण वस्तु एकदां विकली ती विकली. पण आपल्याच बुद्धीच्या लेंकरावर आपला हक्क नाहीं, हें ऐकण्याची पाळी त्या दोघांवर आली. ओटोला त्याच्या बाष्पपात्रांच्या कारखान्यानें हात दिला, आणि त्याच मिळकतीवर त्यानें १८९१ पासून टेकड्यांवरून पंखांनीं तरंगण्याचे आपले प्रसिद्ध प्रयोग केले. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं तो उंचावरून पडला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. गुस्टाव्ह १९३३ पर्यंत जगला. बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथें त्यानें मध्यमवर्गीय कुटुंबांसाठीं बुरूज, कंगोरे आणि प्रवेशद्वाराशीं लहानसा पूल असलेले किल्लेवजा बंगले बांधले. ते पाहिले, म्हणजे आंकरच्या वहींतील चित्रें मोठीं होऊन रस्त्याच्या कडेला उभीं राहिल्यासारखीं वाटतात. १८९५ सालीं कामकरी लोकांच्या घरांसाठीं सहकारी संस्था काढण्यांतही तोच पुढें होता. खेळण्यानें त्याला पैसा दिला नाहीं, पण घरें बांधण्याची हौस कांहीं सोडली नाहीं.

रिख्टर १९१० सालीं वारला. त्यानंतर चारच वर्षांनीं पहिलें महायुद्ध सुरू होऊन परदेशांतील बाजारपेठा तुटल्या. मग चलनाचा भाव कोसळला, दुसरें महायुद्ध झालें, आणि रूडोलस्टाट पूर्व जर्मनीच्या हद्दींत गेलें. १९६३ सालीं दगडांचें उत्पादन बंद पडलें.

तोंपर्यंत दुसरीच वीट पुढें सरसावली होती. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यांत ओले किर्क क्रिस्टियान्सेन नांवाचा सुतार १९३२ पासून लांकडी खेळणीं करीत असे. ‘छान खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून त्यानें १९३४ मध्यें आपल्या मालाला ‘लेगो’ हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें प्लॅस्टिक सांच्यांत दाबून वस्तु घडविणारें यंत्र आणलें, आणि १९४९ मध्यें एकमेकींत अडकणाऱ्या पोकळ विटा बाजारांत आल्या. ही कल्पना मूळची इंग्लंडांतील हिलरी फिशर पेज याची. त्याच्या विटेचा नमुना क्रिस्टियान्सेन पितापुत्रांच्या पाहण्यांत आला होता व त्यावरून त्यांनीं आपली वीट बेतली. पेज १९५७ मध्यें वारला. लेगो कंपनीनें त्याच्या विटेचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्यें. लिलिएंटाल बंधूंची कथा येथें निराळ्या वेषांत पुन्हा भेटते. मात्र पेजच्या विटेंतील एक उणीव डेन्मार्कांत दूर झाली. २८ जानेवारी १९५८ रोजीं ओलेचा मुलगा गोटफ्रेड यानें विटेच्या पोटांत नळ्या बसविण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. खालच्या विटेचे वाटोळे उंचवटे या नळ्यांच्या व भिंतींच्या मध्यें घट्ट धरले जातात, त्यामुळें वीट पाहिजे तशी सरकवून बसवितां येते आणि तरीही सुटत नाहीं. दार आपटण्याची भीति नाहींशी झाली. आंकरच्या चाहत्यांना विचारलें, तर खेळाचा अर्धा प्राणही तेव्हांच गेला, असें ते म्हणतील.

गोटफ्रेडलाही प्रौढांचा मोह पडला होता. स्वतःच्या घराचा नमुना लेगोच्या विटांनीं करावयास तो बसला. पण त्या विटेची उंची व रुंदी यांचें प्रमाण वास्तुशास्त्रज्ञाच्या नकाशाशीं जुळेना. तेव्हां १९६३ मध्यें त्यानें पांच मिलिमीटरांच्या घनावर आधारलेल्या निराळ्या, लहान विटा वास्तुशास्त्रज्ञांसाठीं काढल्या. त्यांचें नांव ‘मॉड्यूलेक्स’. व्यावसायिकांनीं त्या कांहीं काळ वापरल्या, पण बांधकामाची वीट म्हणून त्या टिकल्या नाहींत. मोठ्या माणसाला मापाचें साधन देण्याचा हा बेत होता. त्याला हवा होता तो खेळ. पुढच्याच वर्षीं, १९६४ मध्यें, लेगोच्या पेटींत पायरीपायरीनें बांधणी दाखविणारे नकाशे येऊं लागले. रिख्टरचीच रीत बिलुंडला नव्यानें सांपडली.

पुढें बराच काळ ही कंपनी मुलांकडेच पाहत होती. १९५८ नंतर जन्मलेलीं मुलें मोठीं झालीं, नोकऱ्यांस लागलीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं माळ्यावरच्या पेट्या पुन्हा खालीं काढल्या, ही गोष्ट कंपनीच्या ध्यानांत हळूहळू आली. २००८ मध्यें ताजमहालाचा संच निघाला. त्यांत ५,९२२ तुकडे होते, आणि त्या वेळेपर्यंतच्या कोणत्याही संचापेक्षां तो मोठा होता. शहाजहानच्या कारागिरांना जें साधलें तें पांढऱ्या प्लॅस्टिकला साधत नाहीं, घुमटाचा फुगार तर नाहींच. परंतु चौथऱ्यापासून मिनारांपर्यंत तो हातानें चढविणाऱ्या माणसाला त्या इमारतीची समप्रमाणता जशी उमजते, तशी छायाचित्र पाहून उमजत नाहीं. त्याच वर्षीं शिकागोचा वास्तुशास्त्रज्ञ ॲडम रीड टकर याच्या साहाय्यानें प्रसिद्ध इमारतींची निराळी मालिका सुरू झाली. २०२० पासून कंपनी प्रौढांसाठींच्या संचांवर ‘१८ वर्षांपुढील’ असा आंकडा छापीत आहे. त्या वर्षीं निघालेल्या रोमच्या कलोसियमच्या संचांत ९,०३६ तुकडे होते.

टकरनें बेतलेल्या संचांत शिकागोचें रोबी हाउस हें एक आहे. २०११ सालच्या या संचांत २,२७६ तुकडे होते. हें घर फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत योजिलें. आडव्या लांबट विटा, पुढें झेंपावलेलीं छपरें आणि एकांत एक गुंतलेले घन, असें त्याचें रूप आहे. राइट नऊ वर्षांचा असतांना, १८७६ मध्यें, त्याच्या आईनें फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत फ्रोबेलच्या देणग्या पाहिल्या व त्या मुलासाठीं आणल्या. ते गुळगुळीत लांकडी आकार आपल्या बोटांतून कधींच गेले नाहींत, असें राइट म्हातारपणींही सांगत असे. त्याचा मुलगा जॉन यानें पुढें एकमेकींत बसणाऱ्या लांकडी ओंडक्यांचें एक लोकप्रिय खेळणें काढलें. ठोकळ्यांवरून घर सुचलें, आणि शंभर वर्षांनीं तेंच घर पुन्हा ठोकळ्यांच्या पेटींत जाऊन बसलें.

लेगोच्या मागें मोठी कंपनी उभी होती. आंकरच्या मागें १९६३ नंतर कोणीच नव्हतें. जुन्या बाजारांत अर्धवट पेट्या पडून असत. कोणांत कमानी नाहींत, कोणांत निळे दगड नाहींत, आणि कित्येकांचा भरणीचा नकाशा हरवलेला. १९७९ मध्यें हॉलंडांत अशा पेट्या जमविणाऱ्या कांहीं प्रौढ माणसांनीं आंकरमित्रांचें मंडळ स्थापन केलें. जुने क्रमांक शोधणें, कोणत्या पेटींत कोणते दगड किती होते याच्या याद्या जुळविणें, नकाशांच्या प्रती काढणें, तुटलेल्या संचांची आपसांत भर करणें, हीं कामें त्यांनीं हातीं घेतलीं. वरवर पाहतां हा निरुद्योगी माणसांचा उद्योग. परंतु जर्मनी एक झाल्यावर रूडोलस्टाटमध्यें पुन्हा दगड पाडण्याचा विचार निघाला, तेव्हां नवा माल कसा असावा हें जाणणारे, आणि तो घेण्यास तयार असणारे, गिऱ्हाईक या छंदिष्टांतच होतें. त्यांच्याच उत्साहाच्या बळावर १९९५ सालीं रूडोलस्टाटचा कारखाना पुन्हा सुरू झाला. वाळू, खडू आणि जवसाचें तेल हेंच मिश्रण, तेच तीन रंग आणि तोच पंचवीस मिलिमीटरांचा घन. पणजोबाच्या पेटींतील मोठ्या मापाच्या दगडावर हा नवा दगड नीट बसतो, आणि दोन्ही दगड भरून झांकण सरकविलें, तर तें लागतें.